सीमोल्लंघन ते स्वग्राम : प्रवासी मराठी कुटुंबांचा शरद ऋतू

आपल्या प्राचीन परंपरेत आयुष्याचे माप शरद ऋतूने घेतलेले आहे. दीर्घायुष्याच्या वैदिक प्रार्थनेत शंभर शरद मागितलेले आहेत, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पावसाळा सुखरूप पार पडला, नद्या उतारास आल्या, चिखल वाळला आणि शेतात धान्य उभे राहिले म्हणजे मनुष्यास आणखी एक वर्ष मिळाले, असा त्यामागील भाव असावा. घरात कोंडलेले पाऊल याच ऋतूत उंबरठ्याबाहेर पडते. सण आणि प्रवास यांची या दोन महिन्यांत जी सांगड पडली आहे, तिचे मूळ या साध्या निसर्गक्रमात आहे.

महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांना ही सांगड विशेष परिचयाची आहे. आश्विन महिना लागला की आपल्या घरी दोन प्रश्न एकदमच निघतात : यंदा दिवाळी कोठे, आणि मुलांच्या शाळेला सुट्टी किती? या प्रश्नांना एक इतिहास आहे. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने तो थोडक्यात मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मोहिमेचा ऋतू

विजयादशमीच्या दिवशी गावाची शीव ओलांडून ईशान्येस जावे, शमीचे व अपराजितेचे पूजन करावे आणि आपट्याची पाने 'सोने' म्हणून वाटावी, हा आपला कुलाचार. मराठेशाहीत त्यास लष्करी अर्थ प्राप्त झाला. पावसाळ्यात फौजा छावणीस असत, अथवा शिलेदार आपापल्या गावी जाऊन शेतीकडे पाहत. दसऱ्यास नद्यांना उतार मिळे, घोड्यांस वैरण मिळे, आणि मग मोहिमा बाहेर पडत. शिवछत्रपतींनी दक्षिण दिग्विजयासाठी रायगडाहून प्रस्थान ठेवले ते १६७६ च्या विजयादशमीच्या सुमारास. पुढील शतकात शिंदे, होळकर, गायकवाड, पवार आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजा दरवर्षी याच सुमारास हालत राहिल्या, आणि ज्या मुलखात त्या वारंवार गेल्या तेथेच कालांतराने त्यांचे वाडे उभे राहिले. बडोदे, इंदूर, उज्जैन, देवास, धार, ग्वाल्हेर ही नावे उच्चारताच आपणास आपलेपणा वाटतो, याचे कारण हेच. दक्षिणेत तंजावरला व्यंकोजीराजांच्या वंशजांनी मराठीचा दिवा १८५५ पर्यंत तेवत ठेवला. तेथील बृहदीश्वराच्या मंदिरात सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरविलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख आजही पाहावयास मिळतो. चेन्नईकडील मराठी पालकांनी आपल्या मुलांना तो अवश्य दाखवावा.

या सीमोल्लंघनांत मुले-माणसे कोठे होती, असा प्रश्न सहजच मनात येतो. बहुतेक वेळा ती मागे, गावी असत. परंतु १७६० च्या उत्तरेच्या स्वारीत मोठा कुटुंबकबिला आणि काशी-मथुरेच्या यात्रेस निघालेली माणसे फौजेसमवेत होती. बऱ्हाणपूर, हंडिया, सिरोंज, नरवर, ग्वाल्हेर असा मार्ग आक्रमून भाऊसाहेबांचे लष्कर चंबळेपार झाले. पावसाळ्यात यमुना ओलांडता आली नाही. ऑगस्टच्या आरंभी दिल्ली हाती आली. १७ ऑक्टोबर रोजी कुंजपुरा जिंकला आणि १९ तारखेस तेथेच दसरा साजरा झाला. घरापासून इतक्या दूर, विजयाच्या आनंदात झालेला तो दसरा होता. त्यानंतर आठवडाभरातच अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडून दक्षिणेची वाट अडविली. पुढे १४ जानेवारी १७६१ रोजी जे घडले त्याची पुनरुक्ती करण्याचे कारण नाही. परमुलखात सण साजरा करणाऱ्या मराठी माणसांत आपण पहिले नाही, हे मात्र येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

रेल्वेमुळे उलटलेली दिशा

१८५३ च्या १६ एप्रिल रोजी बोरीबंदर ते ठाणे ही गाडी धावली. १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्ता लोहमार्गाने जोडली गेली. तोपर्यंत काशीयात्रा म्हणजे महिनोगणती चालणे, आणि निघताना घरच्यांचा कायमचा निरोप घेणे. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी १८५७ च्या धामधुमीत केलेल्या प्रवासाचे वर्णन लिहून ठेवले व ते १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले. ते वाचताना त्यांच्या संकटांइतकीच एक गोष्ट मनास चटका लावते. गावी राहिलेल्या आईवडिलांना मुलाची खुशाली कळण्यास मार्गच नव्हता.

रेल्वेने ही स्थिती पालटली. १९१२ मध्ये पंजाब मेल सुरू झाली. डिसेंबर १९११ मध्ये राजधानी दिल्लीस हलविण्याची घोषणा झाली होती, आणि सरकारी नोकरीच्या निमित्ताने मराठी माणसे उत्तरेकडे येऊ लागली. त्या काळी उन्हाळ्यात सरकार सिमल्यास जाई व शरदात डोंगर उतरून दिल्लीस येई. कचेऱ्यांतील कारकून आपली मुले, दप्तरे आणि भांडीकुंडी घेऊन वर्षातून दोनदा बिऱ्हाड हलवीत. रेल्वे, टपाल व तार, लेखापरीक्षण, संरक्षण लेखा, भूमापन अशा खात्यांतून मराठी बिऱ्हाडे देशभर विखुरली, आणि सीमोल्लंघनाची दिशा उलटली. पूर्वज दसऱ्यास महाराष्ट्राबाहेर पडत. त्यांचे वंशज दसऱ्या-दिवाळीस महाराष्ट्रात शिरू लागले.

बंगाली समाजाचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. पूजेच्या सुट्टीत कलकत्त्याची मध्यमवर्गीय कुटुंबे हवापालटासाठी मधुपूर, गिरिडीह, देवघर या बाजूस जात व तेथे घरे भाड्याने घेऊन राहत. त्यांचा शरदातील प्रवास घरापासून दूर जाण्याचा होता; आपला घराकडे जाण्याचा. त्यामुळे आपल्या सहलींस हौसेपेक्षा कर्तव्याचा रंग अधिक चढला. आजोबांची भेट, कुलदेवतेचे दर्शन, रखडलेला वाटणीचा कागद आणि चुलतबहिणीचे लग्न ठरविणे, ही सारी कामे त्याच पंधरा दिवसांत उरकावी लागत.

एका गाडीतला इतिहास

दिल्लीहून पुण्याकडे जाणारी झेलम एक्सप्रेस सुमारे १६०० किलोमीटरचे अंतर सव्वीस-सत्तावीस तासांत कापते. ज्या वाटांनी मराठी फौजा वर चढल्या, बऱ्याच अंशी त्याच वाटांनी ही गाडी खाली उतरते. धोलपूर सुटले की चंबळ लागते. मग शिंद्यांचे ग्वाल्हेर येते. त्यानंतर झाशी, काशीत जन्मलेल्या एका मराठी मुलीने त्या शहराचे नाव अजरामर केले, हे आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे. तीही दूरदेशी जन्मलेली मराठी कन्याच होती. भोपाळला डिसेंबर १७३७ मध्ये थोरल्या बाजीरावांनी निजामास कोंडले आणि जानेवारी १७३८ मध्ये दोराह्याच्या तहाने माळवा पदरात पाडून घेतला. इटारसीच्या अलीकडे नर्मदा, खांडव्यापुढे असीरगडाचा मुलूख, नंतर बऱ्हाणपूर. तापी, गोदावरी आणि भीमा या नद्या क्रमाने ओलांडल्या की पुणे येते.

प्रस्तुत लेखकाचे बालपण उत्तरेत गेले. एकोणीसशे सत्तरीच्या उत्तरार्धात आणि ऐंशीच्या दशकात वडिलांसमवेत केलेल्या अशा प्रवासांची स्मृती ताजी आहे. होल्डॉल, फिरकीचा तांब्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या आणि लसणीची चटणी ही शिदोरी ठरलेली. वडील इतिहासाचे पदवीधर नव्हते. पण प्रत्येक नदीवर ते आम्हा भावंडांना उठवीत, हातात एक पैसा देत आणि नदीचे नाव विचारीत. बऱ्हाणपूर मागे पडून रावेरच्या केळीच्या बागा दिसू लागल्या की आईचा चेहरा खुलत असे. भुसावळच्या फलाटावर चहावाला मराठीत ओरडला की धाकटी बहीण आश्चर्याने म्हणे, "आई, हा आपल्या घरातलं बोलतोय!" मराठी ही घराबाहेरही बोलली जाते, हा शोध आपल्यातील कित्येक मुलांना अशाच एखाद्या फलाटावर लागलेला आहे.

एक अडचण मात्र नेहमीची. दिल्लीच्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याची, दिवाळीची मोजकी. महाराष्ट्रात याच्या नेमके उलट. आम्ही दसऱ्यास गावी पोहोचावे तर चुलतभावंडे सहामाही परीक्षेच्या अभ्यासात डोके खुपसून बसलेली. त्यांची परीक्षा संपावी तो आमची परतीची आरक्षणे. कोणत्याही एका वर्षी दोन्ही सण भावंडांसमवेत मिळाले, असे क्वचितच घडले.

१९५६ चा शरद

सरकारी नोकरांच्या शरद-प्रवासास नियमाचे अधिष्ठान मिळाले ते ११ ऑक्टोबर १९५६ च्या ज्ञापनाने. रजा प्रवास सवलत तेव्हापासूनची. आरंभी ठराविक अंतरापर्यंतचे भाडे नोकराने सोसावे व त्यापुढील सरकारने द्यावे अशी व्यवस्था होती. दोन वर्षांतून एकदा कुटुंबासह स्वग्रामी जाता येई. पुढे चार वर्षांतून एकदा भारतात कोठेही जाण्याची मुभा मिळाली, आणि १९८८ मध्ये या सवलतीचे नियम नव्याने संहिताबद्ध झाले. कोणार्क, रामेश्वर, काश्मीर ही ठिकाणे मध्यमवर्गीय नोकरदारांच्या मुलांनी पाहिली, त्यांत या सवलतीचा वाटा फार मोठा आहे.

तो शरद अन्य कारणांनीही संस्मरणीय ठरला. ज्ञापनानंतर तिसऱ्याच दिवशी, १४ ऑक्टोबर रोजी, विजयादशमी होती. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूर येथे लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. तेव्हापासून देशाच्या कानाकोपऱ्यांतून असंख्य मराठी कुटुंबे दसऱ्याच्या सुमारास मुलाबाळांसह दीक्षाभूमीकडे निघतात. मराठी माणसाच्या शारदीय प्रवासाचा विचार या यात्रेवाचून पूर्ण होऊ शकत नाही. पुढे तीन आठवड्यांच्या आतच, १ नोव्हेंबर रोजी, राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आले, बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. ज्यांनी त्या वर्षी आपल्या गावाचे नाव कागदावर लिहिले असेल, त्यांतील अनेकांच्या गावाचे राज्य दिवाळीच्या सुमारास बदललेले होते.

'स्वग्राम' या शब्दाची परीक्षा नियमांनी बारकाईने केलेली आहे. त्या ठिकाणी कौटुंबिक व सामाजिक कर्तव्यांसाठी आपणास वेळोवेळी जावे लागते काय? तेथे आपले अथवा एकत्र कुटुंबाचे राहते घर आहे काय? जवळचे नातलग तेथे राहतात काय? नोकरीत येण्यापूर्वी आपण तेथे काही वर्षे राहिलो होतो काय? एकदा घोषित केलेले स्वग्राम सामान्यतः अंतिम समजले जाते आणि संपूर्ण सेवेत ते एकदाच बदलता येते. ज्या कोणा अधिकाऱ्याने हे निकष लिहिले त्यास साहित्यिक म्हणून कोणी ओळखणार नाही. परंतु 'आपले गाव कोणते' या प्रश्नाची इतकी नेमकी मांडणी अन्यत्र माझ्या वाचनात आलेली नाही.

वडिलांच्या पिढीस चारही प्रश्नांची होकारार्थी उत्तरे देता येत होती. मी सेवेत आलो तेव्हा सातारा जिल्ह्यातील आमच्या घरी काका राहत होते. म्हणून दोन उत्तरे होकारार्थी होती. पुढे काका पुण्यास मुलाकडे गेले, घर विकले गेले, आणि नियमाने दिलेला एकमेव बदल मी पुण्याच्या नावे वापरला. माझी मुले लहान असताना त्यांना एकदा दिवाळीत ते गाव दाखविण्यास नेले. विकलेल्या घरासमोर नव्या मालकांनी पणत्या लावल्या होत्या. त्या गृहिणीने आम्हांस ओळख विचारली, आग्रहाने आत बोलाविले आणि मुलांच्या हातांवर चकल्या ठेवल्या. परत निघताना थोरल्याने विचारले, "बाबा, गावी जायचं म्हणजे आता नक्की कुठे जायचं?" त्या प्रश्नाला नियमात उत्तर होते, माझ्याजवळ नव्हते.

घरीच राहिलेली सुट्टी

प्रत्येक वर्षी प्रवास शक्य नसतो. रजा नामंजूर होते, आरक्षण मिळत नाही, घरात आजारपण असते. अशा वर्षी मुलांचा शरद कसा साजरा करावा, या प्रश्नातूनच ठिकठिकाणची महाराष्ट्र मंडळे भरभराटीस आली, असे म्हणावयास हरकत नाही. आपल्या मंडळाच्या पन्नास वर्षांतही हेच दिसून येते.

भोंडल्याचेच पाहा. हस्त नक्षत्रात पाटावर हत्ती काढून मुलींनी फेर धरावयाचा आणि शेवटी खिरापत ओळखावयाची, हा खेळ पुण्याकडे भोंडला, कोल्हापूर-सांगलीकडे हादगा. विदर्भात भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाई. महाराष्ट्रात राहून हे तिन्ही प्रकार एका मुलीने पाहणे दुर्मीळ. मंडळाच्या अंगणात मात्र पुणेकर, कोल्हापूरकर आणि अमरावतीकर एकाच फेरात उभ्या राहतात व कोणाची गाणी आधी यावर गोड वाद होतो. शेजारच्या हरियाणवी घरी त्याच नवरात्रात भिंतीवर सांझी बसते, तेलंगणात बतुकम्मा होते, तामिळ घरी बाहुल्यांचा कोलू मांडला जातो. मुलींचा ऋतू सर्वत्र हाच आहे, हे दूर राहिल्यामुळेच आपल्या मुलींना कळते.

कोजागरीस आपण चंद्राला आटीव दूध दाखवितो. बंगाली घरात त्याच रात्री लक्ष्मीची पूजा होते आणि तिचे नावही कोजागरीच आहे. दिवाळीची तिथी सांगताना मात्र मुलांचा गोंधळ उडतो. आपला महिना अमावास्येस संपतो, उत्तरेतला पौर्णिमेस. त्यामुळे आपल्या पंचांगातील आश्विन वद्य चतुर्दशी ती येथे कार्तिक कृष्ण चतुर्दशी. दिवस तोच, महिन्याचे नाव निराळे. नरकचतुर्दशीस पहाटे उटणे लावून अभ्यंगस्नान करावयाचे आणि कारीट चिरडावयाचे, हा प्रकार उत्तरेतील शेजाऱ्यांस नवलाचा वाटतो. तामिळ शेजारी मात्र तेलाची वाटी घेऊन त्याच वेळी उठलेला असतो. आपट्याची झाडे दिल्लीत सहजी आढळत नाहीत, म्हणून आमच्या वसाहतीत कचनाराची जोडपाने 'सोने' म्हणून वाटली जात. झाडे एकाच कुळातली असल्याने कोणाचे काही बिघडले नाही.

सर्वांत मौजेचा प्रकार किल्ल्याचा. दगड-विटा रचून, वर गोणपाट टाकून, माती लिंपून आणि अळीव पेरून दिवाळीत किल्ला करण्याची हौस आपल्या मुलांनी सरकारी क्वार्टर्सच्या मागील अंगणातही सोडली नाही. मावळे गावाहून वर्तमानपत्रात गुंडाळून येत. एखाद्याचा हात प्रवासात मोडे व तो लढाईत जखमी झाला असे ठरे. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठा लष्करी भूदृश्याचे १२ किल्ले जागतिक वारशात समाविष्ट केले. त्यांपैकी ११ महाराष्ट्रात असून बारावा, जिंजी, तामिळनाडूत आहे. राजाराम महाराज तेथे काही वर्षे राहिले व मराठी राज्य त्या परमुलखातून चालले. प्रवासी मुलांनी किल्ला करावयाचा तर तो एखाद्या वर्षी जिंजीचा करावा, असे सुचवावेसे वाटते.

पुढील पन्नास वर्षांसाठी

आता चित्र पालटत आहे. आपली मुले स्वतः बंगळूर, हैदराबाद आणि परदेशी गेली. त्यांच्या दृष्टीने 'गावी जाणे' म्हणजे दिल्लीस, आपल्याकडे येणे. ज्या शहरास आपण परमुलूख समजून नोकरी केली, तेच पुढच्या पिढीचे स्वग्राम झाले आहे. यात खेद मानण्याचे कारण नाही. ग्वाल्हेर, इंदूर आणि तंजावर येथील मराठी घराण्यांच्या बाबतीत हेच घडले. परंतु त्यांच्यापैकी जेथे सणांच्या निमित्ताने एकत्र येणे टिकले तेथे भाषा पुष्कळ काळ टिकली, आणि जेथे मुले फेरातून बाहेर पडली तेथे ती आडनावापुरती उरली. आपल्या नातवंडांच्या बाबतीत यांपैकी काय घडावे, हे ठरविण्यास फार वर्षे हाताशी आहेत असे नाही.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीपुढे दोन नम्र सूचना ठेवतो. पहिली : दसऱ्याच्या सुट्टीत मुलांची एक दिवसाची सहल नियमाने काढावी. पानिपतचे काला आंब स्मारक येथून सुमारे ९० किलोमीटरवर आहे. तालकटोऱ्यास तर शहरातल्या शहरात जाता येते. १७३७ मध्ये बाजीरावांच्या फौजेने मोगली सैन्याशी जेथे झुंज दिली तेथे आज आपली मुले खेळावयास जातात, आणि बहुतेकांस ते ठाऊक नसते. ऑक्टोबरात सातविणीच्या फुलांचा वास शहरभर सुटलेला असतो. चालण्यास त्यासारखे दिवस नाहीत.

दुसरी सूचना याहून सोपी आहे. मंडळात एक जाड वही ठेवावी व प्रत्येक कुटुंबाने तीत आपले स्वग्राम, तेथून येथवर आलेली वाट आणि ती वाट प्रथम चालून आलेल्या पूर्वजाचे नाव लिहावे. ज्येष्ठांनी सांगावे व नातवंडांनी स्वहस्ते, मराठीत लिहावे. चुका झाल्या तरी चालतील. येत्या दसऱ्यास पाटीपूजनाच्या वेळी सरस्वतीच्या पाटीशेजारी ती वही मांडावी, आणि पहिले पान ज्या घरात सर्वांत लहान मूल अक्षरे गिरवीत असेल त्या घराने लिहावे.